पान चौऱ्याण्णववरची ओळ

डिचोलीतल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते. ग्रंथालयांच्या इतिहासावरची जी काही मराठी पुस्तकं हाताशी होती, त्यांत पुण्या-मुंबईवर प्रकरणंच्या प्रकरणं, गोव्यावर दीड पान आणि पेडण्यावर एक ओळही नव्हती. म्हणून निवृत्त झाल्यावर पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या वाचनालयांचा इतिहास मीच लिहायला घेतला. सहा वर्षं बसने गावोगाव हिंडले. कुठे दाखल पुस्तकांची जुनी वही मिळायची, कुठे समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, कुठे नुसतंच रिकामं कपाट.

पुस्तक छापून आलं. प्रकाशन इब्रामपूरच्या बाजूच्या एका गावात ठरलं. त्या गावाचं नाव मी इथे देत नाही. आदल्या रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत त्याच गावावरचं प्रकरण आलं, आणि सोमवारी सकाळी, पोदेराकडून पाव घेऊन मी आत येते तोच फोन वाजला.

"पुरवणीतलं वाचलं," एक बाई म्हणाल्या. आवाज वयस्कर, शांत. "तुम्ही ज्यांना हलगर्जी म्हटलंय, ते माझे बाबा."

पावांची पिशवी मी टेबलावर ठेवली.

"मांद्र्याला माझ्या घरी याल? फोनवर नाही बोलायचं मला."

'उद्या येते' म्हणून मी फोन ठेवला आणि पुस्तक उघडलं. पान चौऱ्याण्णव. "ग्रंथपालाच्या हलगर्जीपणामुळे वाचनालयाची ग्रंथसंपदा नष्ट झाली." वाक्य माझं नव्हतं, समितीच्या जुन्या इतिवृत्तातलं होतं. पण अवतरणचिन्हं न घालता मी ते माझंच असल्यासारखं लिहून टाकलं होतं. एका कागदावर विश्वास ठेवू नका, गावात चार माणसांना विचारा, हे नवशिक्या ग्रंथपालांना मीच सांगत आले होते. ते इतिवृत्त हाती आलं त्या दिवशी मी कोणालाच विचारलं नव्हतं. का, तर परतीची शेवटची बस चारला होती.

दिवसभर मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भात करपला. यजमान समजूत घालायला म्हणाले, "एवढ्यासाठी कोण कोर्टात जात नाही." कोर्टाचा विचार तोवर माझ्या मनातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला बस बदलून मांद्र्याला पोचले. घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने दिलेल्या होत्या, दोरीवर त्यांचे टॉवेल वाळत होते. बाई सत्तरीच्या असतील. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, वर "उन्हाचा त्रास झाला ना?" असं विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शाळेची शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली.

"वाचनालय तेव्हा देवळाच्या अग्रशाळेत, यात्रेकरूंना उतरायच्या एका खोलीत होतं," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती काढली आणि तीन दिवसांत खोली रिकामी करा म्हणून सांगितलं. पुस्तकं ठेवायची कुठे? बाबांनी घरोघर वाटली. आठ-दहा या घरात, आठ-दहा त्या घरात. मी दहा वर्षांची होते. त्यांच्याबरोबर मीपण डोक्यावरून नेली."

वहीत एकेका घराचं नाव, खाली पुस्तकांचे दाखल क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. काही ठिकाणी अंगठा. इतकी नीटस नोंद मी उभ्या नोकरीत फार थोडी पाहिली असेन.

"आणि परत?"

"दुरुस्ती चार वर्षं चालली. मग बाबा मागायला गेले. कोण म्हणे वाळवी लागली, कोण म्हणे मुलीने सासरी नेली. कोण म्हणे, कसली पुस्तकं?"

"ही वही त्यांनी समितीला दाखवली नाही?"

"मीपण तेच विचारलं होतं. म्हणाले, गावात राहायचं आहे गो. एकाचं नाव सांगितलं तर उद्या त्याच्या दारावरून कसा जाऊ?" त्यांनी वही मिटली. "समितीने ती ओळ लिहिली. बाबा पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत."

मी घाईघाईने म्हणाले, "मी ही पूर्ण यादी छापते. सगळ्यांना कळू दे."

"अजिबात नको. माणसं गेली, घरं आहेत अजून. माहेर आहे माझं ते."

"मग काय लिहू मी?"

"ते तुम्ही बघायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण ग्रंथपालच ना?"

परतीच्या बसमध्ये मी दुरुस्तीची चिठ्ठी लिहायला बसले. एक शब्द वाढवला की गाव दुखावणार, एक कमी केला की त्या माणसावर पुन्हा अन्याय. बरं, प्रकाशन त्याच गावात, त्याच अग्रशाळेत, आणि निमंत्रक आताची समिती. घरी येईपर्यंत पाच मसुदे फाडले. शेवटी एवढंच राहिलं: "पान ९४ वरील विधान तेव्हाच्या समितीचे असून लेखिकेने ते पडताळून न पाहता छापले. चूक लेखिकेची आहे. पुस्तके सुरक्षित राहावीत म्हणून ग्रंथपालांनी ती गावातल्या घरांत ठेवायला दिली होती. त्याची लेखी नोंद लेखिकेने पाहिली आहे. त्यांतली बरीच परत आली नाहीत."

छापखान्यातून तीनशे चिठ्ठ्या करून आणल्या. तीन दिवस आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर त्या चिकटवत होतो. पंधरा प्रती आधीच वाटल्या गेल्या होत्या. यजमान म्हणाले, "पंधराने काय होतंय?" मला मात्र त्या पंधराच दिसत होत्या.

रविवारी अग्रशाळा भरली. बाई उजव्या बाजूला उघड्या जनेलाजवळ वाऱ्याला बसल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी टेबलाची कड धरून उभी राहिले आणि आधी ती चिठ्ठीच वाचली. "बरीच परत आली नाहीत" म्हटलं आणि पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले. रागावून की दुसऱ्या कशासाठी, मला अजून कळलेलं नाही. पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. अध्यक्षांनी समारोपात गावाच्या वाचनप्रेमाचं कौतुक केलं, चिठ्ठीचं नावही काढलं नाही. मला कोणी काही बोललं नाही. नेहमी आग्रहाने जेवायला थांबवणारे लोक, पण त्या दिवशी कोणी थांबा म्हटलं नाही.

गर्दी पांगल्यावर बाई आल्या. एक प्रत घेऊन त्यांनी पान काढलं, चिठ्ठीची सुटलेली कड अंगठ्याने दाबली आणि सावकाश वाचलं.

"परत आली नाहीत, हे बाबांनी लिहू दिलं नसतं," त्या म्हणाल्या.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"नको. ते गप्प राहिले, तो त्यांचा निर्णय. हे तुमचं आहे. राहू दे."

प्रत पिशवीत घालून त्या निघून गेल्या. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

पंधरापैकी अकरा प्रती मी शोधून काढल्या. शेवटची मुळगावच्या एका शाळेत सापडली. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी कपाट उघडून दिलं आणि मी उभ्याउभ्याच चिठ्ठी चिकटवली. चार प्रती अजून कुठे आहेत ठाऊक नाही. कोणत्याही वाचनालयात गेले की आधी गोव्यावरच्या पुस्तकांचं कपाट बघते. पाहुणी आहे, दोन शब्द बोलावेत, तर डोळे फळीवर. माझं पुस्तक मिळालं की चौऱ्याण्णवावं पान काढते. चिठ्ठी असली तरी हात लावून बघते, नीट चिकटली आहे ना.