हौदावरच्या मावशी

कोल्हापूरजवळच्या एका लोकर कारखान्यात मी फिटर होतो. मेंढीची कच्ची लोकर तेलकट असते, तिच्यात माती आणि कुसळं अडकलेली असतात. ती धुवायला दोन बायका हौदावर समोरासमोर बसायच्या. त्यातल्या थोरलीला सगळे मावशीच म्हणत, नाव मी कधी विचारलं नाही. सोड्याच्या गरम पाण्यानं दोघींची बोटं फुटलेली असत. जेवताना कालवण झोंबायचं, म्हणून जिचे हात त्या दिवशी बरे असतील ती दुसरीला भाकरी कुस्करून द्यायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी अल्ट्रासॉनिक मशीन आलं. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं टाकीतलं पाणी थरथरायचं आणि लोकरीचा मळ सुटायचा. मी बटण दाबलं तशी मावशींनी टाकीला कान लावला.

"कायबी वाजंना की ओ!"

तोवर पाणी काळं झालं होतं. मावशी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

मशीनवर एकच बाई पुरत होती. मालकांनी मावशींना ठेवलं आणि दुसरीला घरी पाठवलं.

दिवाळीपर्यंत मावशींची बोटं भरून आली. मी सहज म्हणालो, "मावशी, हात झकास झाले की!"

त्यांनी तळवे उलटेपालटे करून पाहिले.

"व्हय. खरं तिचं हात माझ्यापरीस जास्ती फुटल्यालं हुतं. तिला दावायला पायजे हुतं ह्ये."

मशीन मीच बसवलं होतं, आणि ते चांगलं होतं असं मला आजही वाटतं. पण मावशींच्या हातांचा विषय मी पुन्हा कधी काढला नाही.