पिवळ्या चौकटीतला माणिक

पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा तसाच राहिला होता. लाल, प्लॅस्टिकचा. सायकलच्या चेनचं काळं लागू नये म्हणून मी तो रोज लावतो आणि गेटवर काढून खिशात टाकतो. त्या दिवशी विसरलो. नेमकं त्याच दिवशी मला कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये स्टेजवर बोलावलं.

साठ माणसं हसली. मीही हसलो. सगळे आपल्यावर हसत असताना आपण हसलो नाही तर बरं दिसत नाही, ही माझी लहानपणापासूनची समजूत.

स्टेजवर भिंतीला टेकवून एक सायकल ठेवली होती. सेफ्टीच्या साहेबांची स्वतःची. दर रविवारी मित्रांबरोबर ते लोणावळ्यापर्यंत जाऊन येतात, हौस म्हणून. बारीक टायर, मडगार्ड नाही, कॅरेज नाही, स्टँडसुद्धा नाही. मला वाटलं, एवढी महाग सायकल घेतली आणि अर्धं सामान दुकानातच विसरले.

"काका, हे काय?" साहेबांनी काठी टेकवली.

"मूठ."

"इंग्लिशमध्ये काका."

"हँडल."

"ग्रिप. आणि हे?"

"तार."

"स्पोक. हे?"

चाकाच्या मधलं, मागे फिरवलं की टिकटिक वाजतं ते. आमचा तळवड्याचा सायकल दुरुस्तीवाला त्याच्या आतल्या दात्यांना कुत्री म्हणतो. मी म्हणालो, "कुत्री."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी डोळे पुसले. मग त्यांनी पडद्यावर एका सायकलवर दोन माणसं बसल्याचं चित्र दाखवलं. मी लगेच म्हणालो, "डबलसीट." इंग्रजीच आहे की. तरी हसले.

"बावीस वर्षं सायकल चालवता ना काका? ज्याच्यावर बसता त्याची नावं माहीत नाहीत. मग रस्त्यावर काय माहीत असणार?"

त्यांनी माझ्या गेटपासवर लाल स्टिकर चिकटवलं. स्वतःच्या हाताने, अंगठ्याने दाबून. मी म्हणालो, "थँक्यू सर."

हो, म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

लाल स्टिकर म्हणजे पुढच्या सोमवारी पुन्हा परीक्षा. तिथे नापास झालो तर सायकल आत घ्यायची नाही, गेटबाहेरही लावायची नाही. कंपनीची बस आहे, पण ती परमनंटवाल्यांसाठी, निगडीकडून येते. मी कॉन्ट्रॅक्टवर. तळवड्याहून निघोजेमार्गे महाळुंग्याला पहाटेच्या पाळीला पोचायचं, तर सायकल हाच रस्ता. सायकल बंद म्हणजे काम बंद. सरळ हिशोब.

परीक्षा का आली तेही सांगतो. माणिकमुळे.

माणिक जालन्याकडचा. आमच्याच लाइनवर. महाळुंग्यात खोली घेऊन बायको-मुलांबरोबर राहायचा. सात वर्षं आम्ही एका बाकावर डबे खाल्ले. त्याची सायकल माझ्याहून जुनी. मागचा लाल रिफ्लेक्टर नव्हता, तो मी माझ्या हाताने तारेनं बांधून दिला होता. तो म्हणाला होता, "आता मला मागून कुणी बी ओळखतंय बघा."

आमच्या गेटवर एक रीत होती. आधी साहेबांच्या गाड्या आत, मग मालाचे कंटेनर, मग सायकलवाले. तोवर आम्ही गेटच्या डाव्या बाजूला थांबायचं. थांबायला कंपनीनेच रस्त्यावर पिवळ्या रंगाची चौकट आखली होती. चौकटीबाहेर चाक गेलं तरी सिक्युरिटीवाला शिटी मारायचा.

माणिक त्या चौकटीत उभा होता. सायकलीवर बसलेला, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. मी त्याच्या मागे चार-पाच हातांवर. कंटेनर बराच वेळ बंद उभा होता. तो सुरू झाला आणि डावीकडे गेटात वळला. पुढचा भाग गेला. मागची चाकं आत आत येत चौकटीवर चढली. मी ओरडलो. बहुतेक ओरडलो. माणिकचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. एसी होता. खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी मला बसा म्हणालं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत ना काका? जे पाहिलं ते यात लिहिलंय. सही करा."

कागद इंग्रजीत होता. मी आठवी पास. माझं नाव तेवढं वाचता आलं. नावापुढे मिस्टर लिहिलं होतं.

त्या मिस्टरनेच घात केला. आजवर मला कुणी मिस्टर लिहिलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नुसतं चि. होतं. मी सही केली, चांगली ठळक, आणि वर मागणी केली, "मॅडम, याची एक झेरॉक्स मिळेल का?" त्या हसून म्हणाल्या, "हो, का नाही."

झेरॉक्स घरी आणून बायकोला दाखवली. "बघ, मिस्टर." ती म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "पाहिलं ते." आणि रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवून दिली.

महिन्याभरात ती पिवळी चौकट डांबराने झाकली. माणिकच्या भरपाईचा अर्ज नामंजूर झाला. चूक त्याचीच होती असं उत्तर आलं. आणि सायकलवाल्यांना रस्त्याचं ज्ञान नाही म्हणून आमची परीक्षा सुरू झाली. कंटेनरवाल्यांची नाही.

सोमवारच्या परीक्षेसाठी कंपनीने शब्दांची यादी दिली होती. एका बाजूला इंग्रजी, समोर मराठी. बायको दहावीपर्यंत शिकलेली, तिने ती यादी ताब्यात घेतली. पहाटे भाकरी थापता थापता विचारायची.

"ओव्हरटेक?"

"पुढच्या गाडीला मागे टाकून पुढे जाणे."

"रिफ्लेक्टर?"

"उजेड पडला की चमकतो तो."

"रॅश?"

"बेदरकार."

"अहो, जमतंय की! एवढं लग्नाआधी जमलं असतं तर मला परमनंट नवरा मिळाला असता."

"तेव्हा यादी दिली असतीस तर."

असं आमचं चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. रस्त्याने जाताना मी सगळ्यांना इंग्रजी नावं द्यायचो. स्पीडब्रेकर, डिव्हायडर, डायव्हर्शन. पन्नाशीला आलेला माणूस इंद्रायणीच्या पुलावर सायकल चालवत पाढे म्हटल्यासारखा पुटपुटतोय. लोक बाजूला व्हायचे.

शनिवारी परीक्षेच्या फॉर्मला जोडायला आधारची झेरॉक्स हवी होती. फाइल काढली. आधारच्या खाली मिस्टरवाला कागद.

सहज पाहिला. आणि शब्द ओळखीचे निघाले.

सगळा कागद वाचता आला नाही. पण यादीतले शब्द त्यात होते, आणि आता ते मला पाठ होते. यादी शेजारी ठेवली. बोट ठेवत ठेवत वाचलं. सायकलिस्ट. रॅश. ओव्हरटेक. फ्रॉम लेफ्ट. नो रिफ्लेक्टर.

पुन्हा वाचलं. तेच होतं.

जो माणूस दोन्ही पाय टेकून जागेवर उभा होता, त्याला मी ओव्हरटेक करायला लावलं होतं. जो रिफ्लेक्टर मी माझ्या हाताने बांधला, तो नव्हता असं मी सांगितलं होतं. खाली माझी सही. ठळक.

माणिकचा पाय कंटेनरने नेला. उरलेला माणिक मी संपवला. साधनही साधं. एक बॉलपेन, तेही मॅडमचं.

बायको चुलीशी नव्हती, बाहेर धुणं वाळत घालत होती. मी कागद घडी करून खिशात टाकला. तिला काही बोललो नाही.

रविवारी माणिककडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. तो पलंगावर टेकून बसला होता. त्याची बायको आता एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जाते. पोरगी दार उघडून पुन्हा आत गेली.

"या, बसा बसा," माणिक म्हणाला. "तुमचंच नाव निघालं होतं. मी हिला म्हनलं, त्यांनी खरं सांगितलं असंल. पर गरिबाचं कोन ऐकतंय? कंपनीनं दाबलं असंल त्यांचं."

मी बसलो. मान हलवली. मान कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येत नाही.

"तुमची परीक्षा हाय म्हनं उद्या? ऱ्हाऊ द्या, टेन्शन घिऊ नका. तुमी हुशार हायसा."

मी अर्धा तास बसलो. हवामानावर बोललो. रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोललो. खिशातला कागद खिशातच होता. आलो तसा निघालो.

सोमवारी पुन्हा तोच हॉल. लाल स्टिकरवाले आम्ही अकरा जण. साहेबांनी मला पहिलंच बोलावलं. गेल्या वेळची करमणूक लक्षात असणार.

"हे?"

"ग्रिप."

"हे?"

"स्पोक."

"आणि हे?" टिकटिकवालं.

"फ्रीव्हील."

"अरे वा काका!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पुढचे सगळे बरोबर आले. रिफ्लेक्टर, लेन, सिग्नल, ब्लाइंड स्पॉट. साहेब खूश होते. मनापासून खूश होते, हे मला कबूल केलं पाहिजे. ते वाईट माणूस नव्हते. आपण काका घडवला असं त्यांना वाटत होतं.

"आता शेवटचा. हा सोपा आहे."

पडद्यावर चित्र आलं. गेट. डावीकडे वळणारा कंटेनर. त्याच्या मागच्या चाकांशी सायकल. वर इंग्रजीत प्रश्न होता, साहेबांनी मराठीत सांगितला. "यात सायकलवाल्याची चूक कोणती? ए, ओव्हरटेक केलं. बी, रिफ्लेक्टर नव्हता. सी, वेग जास्त होता. डी, वरील सर्व."

मी चित्राकडे बघत राहिलो. चित्रात पिवळी चौकट नव्हती. चित्रातसुद्धा त्यांनी ती झाकली होती.

"काका?"

"तो उभा होता."

"ऑप्शनमधलं सांगा."

"ऑप्शनमध्ये नाही साहेब. तो उभा होता. तुम्ही आखलेल्या चौकटीत. मी मागे होतो."

साहेबांनी काठी खाली घेतली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "काका, हे फक्त एक्झाम्पल आहे. डी म्हणा आणि जा. तुम्ही पास आहात."

"डी वर माझी आधीच सही आहे. न वाचता केलेली." मी खिशातला कागद काढला. फार तेजस्वी वगैरे दिसत नसणार मी. "आता वाचता येतं. तुम्हीच शिकवलं. आता डी म्हणणार नाही."

"मग मला नापास लिहावं लागेल."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. एचआरच्या मॅडम आल्या, म्हणाल्या, काकांची तब्येत बरी नाही वाटतं. मी म्हणालो, तब्येत बरी आहे. गेटपास टेबलावर ठेवला.

मला वाटलं होतं, निदान एक जण उठेल. दहा जण मागे बसले होते. सगळ्यांनी माणिकबरोबर डबे खाल्ले होते. सगळ्यांनी ती चौकट पाहिली होती, रोज तिच्यात उभे राहिले होते. सगळे बुटांकडे बघत होते. मी त्यांना काय म्हणू? मी त्यांच्याच जातकुळीचा. मी तर बुटांकडेही न बघता सही केली होती.

सायकल स्टँडवर एक जण मागून आला. "काका, कशाला राव उगीच? त्याचा पाय परत येणारे का?"

"नाही येणार."

"मग?"

मी खिशातला चिमटा काढून पँटच्या पायाला लावला. तो लाइनवर परत गेला.

घरी आलो तेव्हा पाळी सुटायला अजून वेळ होता. बायकोने वेळ बघितली आणि तिला कळलं. मी तिला सगळं सांगितलं. कागद, मिस्टर, ओव्हरटेक, डी. रविवारी माणिककडे जाऊन हवामानावर बोललो तेही. पुढचंही सांगितलं. कामगार ऑफिसात जाऊन लिहून देणार आहे, मराठीत, माझ्या हाताने, की ती सही खोटी साक्ष आहे आणि माणिक उभा होता. कंपनी दुसरा साक्षीदार उभा करेल, दहा बसलेच आहेत. माझ्यावर केसही होईल. कॉन्ट्रॅक्टर मला चाकणात कुठेच उभं करणार नाही. माणिकला काही मिळेल असं मला वाटत नाही. पण माझ्या सहीने तो ओव्हरटेक करत राहणार नाही. एवढं एक माझ्या हातात आहे आणि ते मी करणार.

तिने सगळं ऐकलं. पिठाचा हात धुतला, पदराला पुसला.

म्हणाली, "कामगार ऑफिस उद्या. आधी माणिकभावजींना सांगा. आणि उभ्यानंच सांगा. ते बसा म्हणतील, बसू नका. बसलात की तुम्ही सांगत नाही."