हरकत असल्यास कळवावे

आईला एक सवत आहे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी तलाटी कचेरीत कळलं. ती सवतही आईच होती.

बाबा गेल्यानंतरही घराच्या वेऱ्याचं, म्हणजे घरपट्टीचं, बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. बडोद्यात गोत्रीतलं हे घर त्यांनी रेल्वेत नोकरीला असताना बांधलं, तेव्हा आसपास नुसती शेतं होती. बिल आलं की आई चष्मा लावून वरचं नाव वाचायची आणि घडी घालून डब्यात ठेवून द्यायची. एक दिवस म्हणाली, "माझ्या नावाने कधी काही आलंच नाही बघ. गॅसचं कार्ड ह्यांचं, फोन ह्यांचा. आता मी आहे तोवर घरावर माझं नाव लागलेलं मला बघायचंय."

मी म्हटलं, त्यात काय, आठवड्याभराचं काम. असलं काहीतरी मी बोलून जातो आणि मग महिनोन् महिने निस्तरत बसतो.

घरावर नाव लावायचं तर आधी पेढीनामा हवा. म्हणजे गेलेल्या माणसाच्या मागे कोण कोण आहे, ते तलाटी पंचांसमोर लिहून देतो तो कागद. आमच्याकडे मागे राहिलेले दोघंच, आई आणि मी. आईला रिक्षात घालून गेलो. त्या कचेरीच्या भिंतीवर नोटिसांवर नोटिसा चिकटवलेल्या आहेत आणि आपल्या कामाची नोटीस नेहमी खालची असते. कोणती कागदपत्रं लागतात, ते वरच्या नोटिशीचा कोपरा नखाने उचलून वाचलं.

तलाटी तिशीतली एक बाई होती. तिने आईचं आधार कार्ड पाहिलं, माझा जन्मदाखला पाहिला, पुन्हा आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "काका, आमां तो बे पत्नी छे."

"एक ज छे, बेन," मी म्हटलं. दोन बायका कुठून आल्या?

"तमारा दाखलामां मातानुं नाम जुदुं छे. आ बा तो बीजां थयां ने?"

आता काय झालं होतं ते सांगतो. आईचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. जन्माची नोंद करायला गेला मामा. त्याने आपल्या बहिणीचं जे नाव जन्मापासून ऐकलं होतं तेच लिहिलं, पुढे बाबांचं नाव आणि आमचं आडनाव. सासरी ठेवलेलं नाव त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही. आधार कार्डावर अर्थातच सासरचं. मी हे सगळं त्या बेनला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या शेजारी मराठी बिऱ्हाड होतं, तिला हे सगळं ठाऊक होतं.

"मने खबर छे, तमारामां नाम बदले. पण फॉर्ममां एनुं खानुं नथी."

रकाना नाही, विषय संपला. पहिली पत्नी वारली असेल तर तिच्या मरणाचा दाखला आणा, म्हणाली. जिच्या मरणाचा दाखला हवा होता ती समोरच्या बाकावर बसून बाटलीतलं पाणी पीत होती.

घरी येऊन मी ट्रंक उपसली. आईबाबांची लग्नपत्रिका सापडली, कडा पिवळ्या पडलेली. मला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. पत्रिकेत वधूचं नाव माहेरचंच असणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तलाटी बेन म्हणाली, म्हणजे तुमच्या वडिलांचं लग्न त्या पहिल्या बाईशी झालं, हे आता पक्कं झालं. या बांशी कधी झालं, त्याचा पुरावा आणा.

मी चिडलो. मोठ्याने बोललो, रांगेतले लोक बघायला लागले. तिने मला पंख्याखाली बसायला सांगितलं.

शेजारच्या काकांना पंच म्हणून यायचं होतं. ही कथा ऐकून ते म्हणाले, "तमारा पप्पा तो छुपा रुस्तम निकळ्या!" आणि आई पदर तोंडाला लावून हसली. बायकोही हसली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझीपण नावं दोन आहेत बरं का. तुझ्या मागे मलाही असंच फिरावं लागणार." मी म्हटलं, आधी हे एक निस्तरू दे.

शेवटी उपाय निघाला. दोन्ही नावं एकाच बाईची, असं आईचं सोगंदनामं, म्हणजे शपथपत्र, करायचं आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. टायपिस्टने एक पान चुकवलं, नोटरी जेवायला गेला, छापील नोटिशीचं कात्रण चालत नाही, अख्खा अंक लागतो, हे अंक रद्दीत गेल्यावर कळलं. फतेगंजच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून जुना अंक मागून आणला. एव्हाना माझ्या सात फेऱ्या झाल्या होत्या. दर फेरीला मी आईवर चिडायचो, जणू तिनेच मुद्दाम दोन नावं घेतली होती.

कात्रण मात्र आईने जपून ठेवलं. नोटिशीत तिची दोन्ही नावं शेजारी शेजारी होती आणि खाली लिहिलं होतं, की याबाबत कोणास हरकत असल्यास मुदतीत कळवावे. ती रोज दुपारी ते वाचायची. मला वाटायचं, वेळ घालवते आहे.

मुदत संपली, कोणी आलं नाही. पंचांना घेऊन आम्ही कचेरीत गेलो. सगळं तयार होतं. बेनने कागद पुढे ओढला आणि हरकतीचं रीतीपुरतं विचारलं, "कोईने वांधो छे?"

"मने छे," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पंच म्हणून आलेले काका खोकले. आईने हातातली पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्या त्या अस्सल बडोद्याच्या गुजरातीत सांगायला लागली. म्हणाली, लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. मी वाकून वाचलं तेव्हा मला माझं नाव कळलं. सगळ्यांनी साखर खाल्ली. तेव्हा कोणी नोटीस लावली नाही, कोणाला हरकत आहे का म्हणून विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या पेपरने विचारलंय. मग मी सांगते, मला हरकत आहे.

बेनने पेन खाली ठेवलं. "तो बा, शुं लखुं?"

"माझं पहिलं नाव आधी लिही," आई मराठीतच म्हणाली. "दुसरं मागून, उर्फ म्हणून. घरावर तसंच लागू दे."

बेन माझ्याकडे वळली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ वाटला, पण कायदा तोच होता. अर्जात आणि सोगंदनाम्यात सासरचं नाव आधी आहे, म्हणजे दोन्ही पुन्हा करावी लागतील. आहे त्यावर सही झाली की आजच संपत होतं, हेही तिने सांगितलं.

मी आईला काही बोलणार होतो. तोंडात आलेलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन ती समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होती, बिलावरचं नाव वाचताना बघायची तशी.

मी खाली टायपिस्टकडे गेलो. त्याने न बघताच विचारलं, "नाम बोलो." मी आईचं माहेरचं नाव सांगितलं. आयुष्यात ते मी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

तो टाइप करत होता तेवढ्यात बायकोला फोन लावला, की जेवायला उशीर होईल, सगळं पुन्हा करायचंय. असं का, तिने विचारलं. मी वैतागूनच सगळं सांगितलं, तांदळासकट. सांगता सांगता मला आमच्या लग्नातलं ताट आठवलं. त्या तांदळात अंगठीने मी लिहिलं होतं. नाव मीच निवडलं होतं आणि ते छान वळणदार आलं म्हणून खूशही झालो होतो.

पलीकडे पोळपाटावर लाटणं ठेवल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "माझं पहिलं नाव आठवतंय ना तुला?"