शाल, नारळ आणि एक वाक्य

केडगावहून पारनेरच्या एसटीत बसले की मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच, तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की शब्द सुचायचे नाहीत. आणि माझं काम तर बोलण्याचंच. आमची संस्था गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो, या दोघांना गावासमोर एकत्र बसवायची. शिक्षा कोर्ट देतं. नंतर एकाच गल्लीत राहायचं कसं, हे गावानंच बघायचं असतं.

पारनेरजवळच्या त्या गावात एका बाईंची कांदे साठवायची चाळ जळाली होती. बांधाच्या भांडणावरून चुलत दिरानं पेटवलेली. तो शिक्षा भोगून आला, तरी "शॉर्टसर्किट झालं" हेच सांगत राहिला. हळूहळू गावही तेच म्हणायला लागलं. बाईंचं मागणं एकच होतं.

"त्यानं समद्यांसमोर म्हनावं, मी पेटवली. लोक मला खोटारडी समजत्यात, ताई."

बऱ्याच फेऱ्यांनंतर दीर तयार झाला. लोकांनी बैठकीला यावं म्हणून मी दारोदार हिंडले. प्रत्येक घरी चहा मिळाला, "मॅडम, जेवान झालं का?" अशी चौकशी झाली. विषय काढला की मात्र माणसं गोठ्याकडे बघायची. परतीच्या गाडीत मी कुणाला फोनही करत नसे. सांगणार काय?

बैठकीच्या दिवशी सभामंडप भरला होता. माईक होता, टेबलावर शाली आणि नारळ मांडले होते. आधी माझा सत्कार झाला. नको म्हणायचं धाडस झालं नाही. मग सरपंचांनी पुकारलं, "आपल्या विनंतीला मान देऊन आलेले..." आणि दिराच्या खांद्यावरही शाल पडली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. कार्यक्रमाला बोलावलेल्या माणसाला रिकाम्या हातानं बसवायचं नाही, इतकंच.

मागून कुणीतरी म्हणालं, "फेटा बी बांधा की पाव्हण्याला!"

लोक हसले. बाई बायकांमधून उठल्या आणि चालू लागल्या. मी उभी राहिले, पण एसटीत जुळवलेलं एकही वाक्य इथं चालणारं नव्हतं. दिरानं शाल काढून खुर्चीवर ठेवली, माईक घेतला.

"चाळ मीच पेटवली. शॉर्टसर्किट न्हवतं."

मग सरपंच माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले, "झालं की काम, मॅडम!"

मी जवळजवळ पळतच बाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, त्याचे शब्द जसेच्या तसे.

"तुमी ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुमी निघून जानार. गावातलं कुनी आलं का सांगायला?"

मी शेजारी बसले. रस्त्यानं माणसं बैठकीतून परतत होती. आमच्याकडे पाहून त्यांचं बोलणं थांबायचं, पुढे गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचं. गाय धारेसाठी हंबरायला लागली तेव्हा कुंपणापलीकडून शेजारी राहणारी त्यांची थोरली जाऊ म्हणाली, "अगं, बोलला तो. मीच पेटवली म्हनला. म्या ऐकलं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. जाऊ कुंपणाला वळसा घालून आली आणि त्यांना चिकटून बसली. तिला जागा व्हावी म्हणून मी उठले.

"जा ताई," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमची गाडी चुकंल."

स्टँडवर मी एकटीच होते.