एका दिवसात चार शनिवार

इंग्लंडमध्ये आम्ही नवरा-बायको तीन वर्षं राहिलो आणि त्या तीन वर्षांत एकही शनिवार आमचा स्वतःचा नव्हता. तो माझ्या बाबांचा होता. बाबा नागपुरात, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, दादा-वहिनीजवळ राहतात. आयुष्यभर त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा आमच्या सहली मोजायला लागले. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की बाहेरच्या ओट्यावर त्यांची मित्रमंडळी बसायची. तिथे दाखवायला ताजा फोटो हवा. तो शनिवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे त्यांच्या संध्याकाळपर्यंत, पोचलाच पाहिजे. नाही पोचला तर लगेच फोन.

"काहून वं बाई, या हप्त्यात कुठी गेले नाही का तुम्ही? तब्येत तं बरी आहे ना?"

हा आवाज फोनवरून आला की आमच्या छोट्या घराच्या भिंतीपलीकडे शेजारणीलाही ऐकू जायचा. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावर मोजणीची साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाला हाक मारण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, ते फोनवर हळू काय बोलणार! दादानं त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवून पाहिलं. "मशीनसंग काय बोलाचं? मी माणसासंग बोलतो," म्हणाले आणि विषय संपला. टाइप करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

तर शनिवार. सकाळी मी पोळ्यांत शिजवलेलं कोरडं बेसन भरून गुंडाळ्या करायचे, थर्मासमध्ये चहा, आणि दोन बस बदलून आम्ही कुठेतरी जायचो. किल्ला असला तर बाहेरून बघायचा, कारण आतलं तिकीट आमच्या हिशेबात बसत नसे. माझ्या नवऱ्याला वाटेतली प्रत्येक माहितीची पाटी मोठ्यानं वाचायची खोड. कोणत्या सरदारानं कोणती भिंत बांधली हे थंडीत कुडकुडत ऐकावं लागे. समुद्रावर गेलो की तिथले म्हातारे नवरा-बायको गाडीच्या काचा लावून, आतच बसून, बटाट्याचे काप खात समुद्र बघताना दिसायचे. मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं. पुढे आम्हीही बसस्टॉपच्या काचेआडून समुद्र बघायला शिकलो.

मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चार तास ताटल्या धुवायचे. घरी "शाळेत लागले" एवढंच कळवलं होतं. तेवढ्यावर बाबांनी विहाराच्या ओट्यावर मला मास्तरीण करून टाकलं आणि मी ती चूक दुरुस्त केली नाही. खोटेपणाची सवय अशी आधीपासूनच होती. पुढे जे झालं ते एकदम आकाशातून पडलं असं मला म्हणता येणार नाही.

मार्च संपता संपता नवऱ्याची नोकरी गेली. तिथे नोकरी गेली की राहण्याची परवानगीही जाते. दुसरा मालक शोधायला दोन महिने मिळतात, तोही असा हवा की जो परदेशी माणसाचे कागद करायला तयार आहे. माझं राहणं त्याच्या कागदांवर. पहिल्याच संध्याकाळी नवरा म्हणाला, "घरी सांगून टाकू." त्याचे आईवडील नागपूरजवळ कन्हानला. साधी माणसं, त्यांनी "या परत" एवढंच म्हटलं असतं. नको म्हणणारी मी होते. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं माझ्या गेलेल्या आईच्या थाटात त्याला सुनावलं. दोन महिन्यांत नोकरी मिळेल, मग सांगू, हसून सांगू. बाबांना धक्का बसेल, असं मी त्याला कारण दिलं. खरं कारण असं की ओट्यावर बसलेल्या माणसांसमोर माझी मास्तरकी आणि आमचे किल्ले कोसळणार होते, आणि ते मला सोसवलं नसतं.

पण शनिवार तर दर आठवड्याला येणार. बसचे पैसे वाचवायचे होते आणि नवऱ्याला सुट्टीच्या दिवशीही अर्ज भरायचे होते. तेव्हा युक्ती मीच काढली. एकाच दिवशी चार शनिवारांचे फोटो काढून ठेवायचे. एप्रिलमधल्या एका शनिवारी दिवसभराचा बसचा पास घेतला आणि मोठ्या पिशवीत कपडे भरले: त्याचं निळं जॅकेट, ऑफिसचा कोट, माझा पिवळा रेनकोट, वहिनीनं विणून दिलेला स्वेटर, दोन मफलर. आधी किल्ला, मग कालवा, मग एक बाग, शेवटी चर्च, असा बेत होता.

किल्ल्याजवळचा फोटो ठीक आला. कालव्याजवळच्या सार्वजनिक संडासात जाऊन मी कपडे बदलून आले. कालव्याच्या काठावर एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन बसली होती. तिनं आधी मला स्वेटरमध्ये जाताना पाहिलं होतं, आता रेनकोटात येताना पाहिलं. पाऊस तर नव्हता. तिनं फक्त दोघांचा फोटो काढून देऊ का असं विचारलं. आम्ही उभे राहिलो. मला हसू येईना.

नवरा पुटपुटला, "हास ना वं. चार हप्त्याचं हासाचं आहे आज."

एरवी या वाक्यावर मी खळखळून हसले असते. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. त्या बाईसमोरच मी म्हणाले, "नोकरी तुझी गेली, अन् हसू मी?" तिला मराठी कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कुणालाही कळला असता. तिनं कसाबसा एक फोटो काढला. त्यानं तिच्याकडून आपला फोन परत घेतला, आभार मानले आणि लांबच्या बाकावर जाऊन पाठ करून बसला. जे बोलायला नको होतं ते मी बोलून बसले होते. तीन आठवडे तो माणूस रोज नकाराची पत्रं वाचत होता आणि तरी मला चहा करून देत होता. मी तिथेच गवतावर बसून रडायला लागले.

आणि माझा फोन वाजला. बाबा.

घसा भरलेला, नाक वाहतंय. या आवाजात "हॅलो" जरी म्हटलं असतं तरी त्यांनी ओळखलं असतं. मी फोन वाजू दिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा. असे लागोपाठ फोन करण्याची त्यांची सवय नव्हती, हे मला त्या क्षणी जाणवलंही होतं. तरी मी लिहून पाठवलं: "खूप वारा आहे बाबा, ऐकू येत नाही. फिरतोय. उद्या बोलते."

उत्तर आलं नाही. नंतर डोळे पुसून मी नवऱ्याजवळ जाऊन बसले, त्याची माफी मागितली, त्यानं मान हलवली. मग आम्ही बाग आणि चर्च उरकलं. काम होतं, केलं. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला होता, म्हणून फोन टाळला. सोमवारी मी लावला तर कुणी उचलला नाही. मंगळवारी दादा म्हणाला, "बाबा झोपून राह्यले. ऊन लय आहे ना."

त्यानंतर बाबांचे फोन थांबले. मी दर शनिवारी ठेवणीतला एक फोटो पाठवायचे आणि त्यांच्या नंबरवरून लेखी उत्तर यायचं: "छान. बाबा." बाबा या वयात टाइप करायला शिकले म्हणून मी नवऱ्याजवळ कौतुक केलं. दादा अधूनमधून त्यांचा फोटो पाठवायचा. बाल्कनीत बसलेले, स्कूटरवर मागे बसलेले, आणि प्रत्येक फोटोत तोंडाला पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला, फक्त डोळे दिसतायत. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात सगळेच असे दिसतात. बाहेरगावच्या माणसाला दरोडेखोर वाटतील, आम्हाला ते उन्हाळ्याचे दिवस वाटतात. बाहेरगावचा माणूस कदाचित विचारून बसला असता. मी नागपूरची, म्हणून विचारलं नाही. घरात बसलेल्या माणसानं दुपट्टा कशाला बांधलाय, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. बाबा बोलत नाहीत याचं मला बरं वाटत होतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे खोटं आवाजात आणावं लागलं असतं. फोटो पाठवणं सोपं होतं. सकाळी उठून फोनवर त्यांचा कॉल दिसला नाही की मी सुटकेचा श्वास सोडायचे. मला आज त्या श्वासाची लाज वाटते.

चार फोटो संपले. पाचवा काढायची हिंमत दोघांतही नव्हती. नोकरी मिळाली नाही. तिकिटं काढली आणि मग दादाला फोन केला. सगळं सांगून टाकलं: नोकरी, व्हिसा, ताटल्या, फोटो. मी वाट बघत होते की आता हा ओरडेल.

"मंग बरंच झालं," तो म्हणाला. "ये. मलेही सांगाचं होतं."

बाबांच्या तोंडात गाठ होती. खर्रा, दुसरं काय. सुपारी-तंबाखूची ती पुडी त्यांच्या खिशात मी जन्मापासून पाहिली. जबड्याचा एक भाग आणि जीभ बरीचशी काढावी लागली होती. "छान. बाबा" हे दादा लिहीत होता.

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरची भाषा आली.

"त्यायनंच नाही सांगू देलं. म्हणे, पोरगी तिकडं खुश आहे, फिरून राह्यली, तिचे शनिवार काहून खराब करता?" मग जरा चिडूनच तो म्हणाला, "सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं का बोलणं राहीन याचा भरोसा नाही. शनिवारी त्यायनं तुले फोन लावला. तीन डाव लावला. म्हणे, एक डाव बोलून घेतो. तुहा मेसेज वाचून दाखवला मी त्यायले. वारा आहे म्हणून."

त्याच्यावर चिडायचं तरी कशावरून? लपवलं तर मीही होतं. मी फोन ठेवला तेव्हा नवरा दारात उभा होता. त्यानं स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. माझ्याइतकंच त्यानंही ते स्वतःवर घेतलं, आणि आजही घेतो. मी किती वेळा सांगितलं की युक्ती माझी होती.

मनीषनगरला पोचलो तेव्हा बाबा दारापर्यंत चालत आले. दुपट्टा नव्हता. चेहऱ्याची एक बाजू आत गेली होती. आधी माझ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि मला आत ओढून घेतलं. घशातून काहीतरी आलं. वहिनी म्हणाली, "बसा म्हणते ते." तिला कळतं. मला अजून कळत नाही.

बोलायला त्यांच्याजवळ मुलांची पांढरी पाटी आहे, मार्करनं लिहायची. पहिले दोन दिवस त्यांनी जेवणखाणाचंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी समोर बसले आणि म्हणाले, बाबा, ते चार फोटो एकाच दिवशी काढलेले होते. त्यांनी पाटी घेतली. मोजणीच्या वहीत लिहायचे तसं स्वच्छ अक्षर.

"माहीत आहे. चार हप्ते, कपडे चार, अन् बुटाले चिखल एकच."

जन्मभर शेतांतून फिरलेला माणूस. तो आधी पायांकडे बघतो, हे मला माहीत असायला हवं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी ते फोटो पाहिले होते, ओळखलं होतं की तिकडे काहीतरी बिनसलंय, आणि तरी दादाला "छान" लिहायला सांगितलं होतं. मी म्हणाले, त्या शनिवारी वारा नव्हता बाबा. मी रडत होते. तुम्हाला कळू नये म्हणून फोन उचलला नाही.

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागले. मी उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यांनी पाटी फिरवून माझ्यासमोर धरली.

"रडत होती तं उचलाचा होता. मी समजावलं असतं. तवा आवाज होता माहा."

त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. मला काही ते पुसवेना. थोड्या वेळानं त्यांनीच ती ओढून घेतली आणि तळहातानं पुसली, कारण त्यांना चहा मागायचा होता.