जपानची खुर्ची

नाशिकची थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना ठाऊक असेल, की पौषातल्या सकाळी उजेड आधी येतो आणि ऊब फार उशिरा. अशा सकाळी मी अंगणातल्या त्या लांबलचक पांढऱ्या गाडीचं सरकतं दार उघडत असे, आणि आतून एक परका गंध येई. जुन्या मखमलीचा, कुठल्याशा सौम्य साबणाचा, आम्ही कधीही न पाहिलेल्या एका गावातल्या कोरड्या हिवाळ्याचा. इथे येऊन तिला तीन दसऱ्यांच्या झेंडूच्या माळा पडल्या, मागच्या सीटांवरून द्राक्षांच्या पेट्या आणि ओल्या मेथीच्या जुड्या जाऊन आल्या, तरी तो वास काही हटला नाही. माहेरचा वास असाच राहत असावा, असं मी तेव्हा हौसेनं सांगत असे. आता नाही सांगत.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐन तारुण्यात जपानला गेला तो तिकडचाच होऊन बसला. बाबा गेले, आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि एके दिवशी त्याचा फोन आला की मी कायमचा परत येतोय आणि येताना गाडी घेऊन येतोय. कायमचं परतणाऱ्या माणसाला आपली वापरातली गाडी सोबत आणता येते. काही काळ ती विकता मात्र येत नाही. आठ माणसांची ती गाडी गंगापूर रोडजवळच्या आमच्या गल्लीत वळली तेव्हा शेजारच्या बायका हातातली कामं टाकून दारात आल्या. दादानं बटण दाबलं. मधल्या रांगेतली डावीकडची खुर्ची हलकेच वळली, दाराबाहेर सरकली आणि अलगद खाली येत आईच्या गुडघ्यांशी थांबली. आई बसली. खुर्ची तिला घेऊन वर गेली, आत शिरली, पुढे तोंड करून स्थिरावली. आईच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी तिच्या साठीलाही पाहिलं नव्हतं. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "आता मी आलोय ना. तू मोकळी."

हे दोन शब्द मी किती दिवस जिभेवर घोळवले असतील! मी चित्रकलेची शिक्षिका. कोकणातल्या एका निवासी शाळेनं मला बोलावलं होतं. मी ती जागा पाहूनही आले होते. राहायच्या खोलीच्या खिडकीतून खाडी दिसे, आणि ओहोटीच्या वेळी चिखलावर जो करडा-जांभळा उजेड पसरे त्याला कुठल्याच रंगपेटीत नाव नव्हतं. आईला एकटी टाकून कसं जायचं म्हणून मी होकार लांबवत होते. दादा आला आणि मी होकार कळवला. मग महिन्याभरातच तो म्हणाला, तिकडचं उरलंसुरलं आवरून येतो, दोन महिने फार तर. जाताना किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि बजावलं की आठवड्यातून दोनदा गाडी सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. शाळेनं सत्र सुरू होईपर्यंत वाट पाहिली, नंतर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. पुढल्या वर्षी पुन्हा विचारा म्हणाले, म्हणून मी पुढल्या वर्षाकडे डोळे लावून बसले.

गाडी सांभाळणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं, असं लोक म्हणतात. हत्तीला निदान इथला चारा चालतो. हिला काहीच चालत नसे. दाराचं रबर फाटलं तर ते समुद्रापलीकडून यायचं. खुर्चीतली एक पिन झिजली तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथसमोर स्टुलावर बसून ती कातून घेतली, आणि गॅरेजवाला मान हलवत म्हणाला, "ताई, हिला सासर मानवलेलं नाही." गाडी सुरू केली की एक जपानी बाई मंजूळ आवाजात काहीतरी बोले आणि आई मागून न चुकता उत्तर देई, "बरं बाई." समोरच्या पडद्यावरचा नकाशा इथे कोराच होता, त्या कोरेपणातून एक छोटा बाण आमच्याबरोबर भाजीबाजारात, बँकेत, डोळ्यांच्या दवाखान्यात जाई. दसऱ्याला आई गाडीला ओवाळी, मी फोन धरून उभी राही, आणि आई पडद्यातल्या दादाला सांगे, "बघ रे, तुझी गाडी कशी लखलखीत ठेवलीय." कुणी ठेवलीय, ते काही सांगत नसे. मला त्याचंही फारसं वाटत नव्हतं, खरंच. गाडी चालू राहिली तर दादा येईल, दादा आला तर मी जाईन, असा साधा हिशेब मी मनाशी मांडला होता आणि त्या हिशेबावर इंजिनाचं ऑइल बदलत होते.

सोमवारी आम्ही सोमेश्वरला जात असू. गेल्या पौषातल्या अशाच एका सोमवारी, नदीवरचं धुकं अजून विरलेलं नसताना, मी देवळाबाहेर गाडी लावली आणि बटण दाबलं. खुर्ची वळली, बाहेर आली, निम्मी उतरली आणि अडकली. वर जाईना, खाली येईना. आईचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते, मांडीवर बेलाची आणि पांढऱ्या फुलांची परडी, आणि फूलवाल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. एक म्हणाली, "आजी झोपाळ्यावर बसल्या जणू." आई हसली. मी दादाला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून त्याचा आवाज स्पीकरवर टाकला.

त्यानं सांगितलं की खुर्चीखाली एक झाकण आहे, आत हँडल आहे, ते हातानं फिरवायचं. मी गुडघे टेकून झाकण शोधू लागले. तेवढ्यात तो सहज बोलून गेला, "बरं झालं फोन केलास. गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. शनिवारी माणूस न्यायला येईल. आता विकायला हरकत नाही."

मी म्हटलं, "आणि तू परत आलास की आईला कशातून नेणार?"

तो म्हणाला, "शैला, मी येणार नाही हे आईला पहिल्यापासून माहीत आहे."

मी मान वर केली. खालून पाहिलं तर आई फार उंचावर बसल्यासारखी वाटली. तिला कुठे जाता येत नव्हतं, तोंड फिरवायलाही खुर्चीनं जागा ठेवली नव्हती. ती परडीतली बेलाची पानं सारखी करत राहिली.

"गाडी आली त्याच दिवशी सांगितलं होतं त्यानं," ती म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू गेली असतीस."

त्या तीन शब्दांत ना कपट होतं ना पश्चात्ताप. भाकरी करपली असती, दूध उतू गेलं असतं, तितक्या साधेपणानं ती बोलली. दादाचा मला राग आला, तो येतच होता, त्या रागाची मला सवय होती. पण आईनं तीन वर्षं मला इंजिन तापवताना, लेथसमोर बसताना, पुढल्या वर्षाची वाट बघताना मागच्या सीटवरून पाहिलं होतं आणि त्या जपानी बाईला "बरं बाई" म्हणत राहिली होती. मी झाकण शोधून काढलं. मी हँडल फिरवू लागले. प्रत्येक फेऱ्याला आई बोटभर खाली येत होती. पाय टेकले तशी ती म्हणाली, "चल, पूजेला उशीर होतोय." मी तिला आत नेलं. नेणार नाही तर काय करणार?

शनिवारी माणूस आला आणि गाडी घेऊन गेला. अंगणातल्या फरशीवर तिच्या लांबीएवढा एक स्वच्छ चौकोन उरला, त्यावर आता हळूहळू शेवग्याची पानं साचत आहेत. कोकणातल्या शाळेचं पुन्हा बोलावणं आलं आहे. त्याचं उत्तर मी अजून पाठवलेलं नाही, आणि आईला त्याबद्दल सांगितलेलंही नाही.

परवा तिला रिक्षानं दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षाची पायरी उंच. तिनं एक हात दांड्याला आणि दुसरा माझ्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार माझ्यावर सोडला. तीन वर्षं ती खुर्ची उचलत असलेलं वजन मला आता पुन्हा कळलं. गाडी येण्याआधीपेक्षा ते कमी झालं होतं. अर्ध्या पायरीवर थांबून तिनं विचारलं, "जड होतंय का गं?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि खांद्यावरचा हात आत बसल्यावरही काढला नाही.