धूर दिसला, पडताना दिसलं नाही

आमची आत्या म्हणजे एक घाव दोन तुकडे. बत्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्ली, पण कुणाची हांजी हांजी केली नाही. निवृत्त झाल्यावर स्मारक समितीनं तिला एवढंच सांगितलं होतं, की युद्धात बंदरावरच्या तोफांनी सात विमानं पाडली, फलकासाठी त्याच्या चार ओळी सहीनिशी लिहून द्या. बाई बसल्या की तपासत!

तोफांच्या चौक्यांचे अहवाल आणि शत्रूनं स्वतः नोंदवलेली नुकसानीची यादी तिनं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. महिनाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तीन चौक्यांनी तर एकाच मिनिटाला पडलेलं एकच विमान आपापल्या नावावर लावलं होतं. "खोटं नाही रे बोलले बिचारे," आत्या म्हणायची. "तिघांनी गोळे सोडले, तिघांनी पडताना पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, आपलाच लागला." सातातली शेवटी दोन उरली. गळलेल्या पाचांत एक आजोबांचं होतं; तेही तेव्हा त्यातल्याच एका चौकीवर तोफ चालवत होते.

झालं! बाबांचा पारा चढला. त्या विमानाबद्दल मिळालेलं पदक आमच्या भिंतीवर आहे. आजोबांनी ते कधी छातीला लावलं नाही; साधा माणूस, असं आम्ही म्हणायचो. "बापाचं विमान खोडतेस? या यादीवर सही केलीस तर तुझं-माझं नातं संपलं!"

आत्यानं पिशवीतून एक झेरॉक्स काढून भावापुढे सरकवली. आजोबांचा पेन्सिलीनं लिहिलेला कच्चा अहवाल होता तो. 'धूर दिसला. पडताना दिसलं नाही.' त्यावर चौकीच्या साहेबानं काट मारून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाडले.'

"बापाचंच अक्षर ना, दादा? मग मी बापाचं ऐकू की साहेबाचं?"

बाबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि न जेवताच उठून गेले.

तिसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. बाबाच आत्याला स्कूटरवरून घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो.

"ताई, दोन विमानांचा फलक बघायला कोण कुत्रं येणार?" अध्यक्ष म्हणाले.

"मग लावू नका. सातावर माझी सही मेले तरी मिळायची नाही."

"अहो, निदान तुमच्या वडिलांच्या इभ्रतीचा तरी विचार करा!"

मागच्या खुर्चीवरून बाबा उठले. त्यांचा आवाज चढलेला होता.

"आमच्या वडिलांनी विमान पाडलं नाही. तसं त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलंय. आधी त्यांचं खोडा, मग बाकीच्यांचं बघू."